साक्षीसाठी केलेली सही

जालना,
रविवार

चि. सौ. तारास,

दादाचे आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याची खुशाली सविस्तर कळव. माझी प्रकृती उत्तम आहे, आणि तुझा भाचा ऋषी याच्या मते माझ्या म्हातारपणावरचे मुख्य आर्थिक संकट तेच आहे.

गेल्या आठवड्यात तो आणि सूनबाई यशश्री पुण्याहून आले आणि महागाई, आजारपण व दीर्घायुष्य अशा क्रमाने त्यांनी मला धोके समजावले. पतसंस्थेतली माझी ठेव ठरावीक वर्षेच पुरेल. त्यापुढे जगणे हा माझा बेजबाबदारपणा ठरेल. (तर्कशास्त्र शिकवल्याबद्दल आमच्या खासगी महाविद्यालयाने मला पेन्शन दिली नाही, शाल दिली. ती अजून टिकून आहे.) "आणि चौथा धोका तुम्ही स्वतः, बाबा," असे यशश्रीने चहा देता देता जोडले. सबब, ठेव ऋषीच्या नावे करून मी पुण्याला जावे, असा निष्कर्ष. तो मी फेटाळला आहे. यामागचे निमित्त तुला फोनवर विपर्यस्त स्वरूपात कळले असेलच, म्हणून मूळ स्वरूपात देतो.

खालच्या गाळ्यात पाण्याच्या मोटारी रिवाइंड करणारा मच्छिंद्र, मूळचा वाटूरचा, दिवाळीनंतर एक कागद घेऊन वर आला. म्हणाला, "काका, साक्षीसाठी तुमची सही पाह्यजे. बराबर वाचून घ्या, जल्दी न्हाई." साक्षीदार म्हणून सही करणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे, तेव्हा मी आनंदाने होकार दिला. मी न वाचता सही केली, हा ऋषीचा आरोप धादांत खोटा आहे. मी कागद शेवटपर्यंत वाचला. इतका, की त्यात 'जामिनदार' हा शब्द ऱ्हस्व छापला होता, तो लाल शाईने दीर्घ केला आणि त्याच्याच खाली सही केली. आता, मच्छिंद्रच्या मुलीला आपण सारे जन्मापासून छकुली म्हणतो. तिचे कागदोपत्री नाव साक्षी आहे, तिला परभणीला पशुवैद्यकीला प्रवेश मिळाला आहे आणि तिच्या शिक्षणाच्या कर्जाला माझी ठेव जामीन राहिली आहे, हे मला पतसंस्थेच्या पत्रानेच समजले. बोलणाऱ्याच्या शब्दाचा भलताच अर्थ लावण्याला न्यायशास्त्रात वाक्छल म्हणतात. मी तो तीस वर्षे शिकवला. मात्र छलाला कपट लागते; मच्छिंद्र सरळ बोलला होता आणि मी सरळ चुकलो होतो. म्हणजे येथे छल झालेला नसून केवळ मी झालो आहे.

सही मागे घेण्यासाठी मी पाच मुद्द्यांचे प्रतिपादन तयार करून खाली उतरलो. मच्छिंद्र ऐकून कसनुसा झाला, पण छकुलीच पुढे आली. "आजोबा, टेन्शन घेऊ नका. पप्पा कागद वापस आणून राह्यले. मी इथंच बी.एस्सी. करते, त्यात काय!" असे म्हणून तिने माझ्या पिशवीत मोसंब्या भरल्या. तारा, तिने वाद घातलाच नाही. वाद न घालणाऱ्याचे खंडन कसे करावे, हे मला कोणी शिकवलेले नाही. चार मुद्दे न बोलताच वर आलो.

तेव्हा ऋषीला निक्षून सांग: ठेव माझी, पासबुक माझ्या कपाटात, आणि मी पुण्याला येत नाही.

तुझा,
दादा

ता. क. पतसंस्थेतल्या कारकुनाने चांगली बातमी दिली. या कर्जाला दोन जामीनदार लागतात. शुक्रवारपर्यंत दुसरा मिळाला नाही, तर प्रकरण रद्द होईल आणि माझी सहीही आपोआप बाद. मी घरी स्वस्थ बसलो तरी पुरे. ठेव मोकळी होते.

ता. क. २ : तुझीही ठेव आमच्याच पतसंस्थेत आहे. गुरुवारी सकाळच्या एस.टी.ने ये. येताना चष्मा आण. कागदाचे शुद्धलेखन मी तपासून ठेवले आहे. तू फक्त अर्थ वाच.