गॅलरीतून काढलेली पाठ

आई, आज सकाळी चहा उतू गेला आणि ओटा पुसायच्या आधी मी त्याचा मोबाइलवर फोटो काढला. उजेड बघितला नाही, कोन बघितला नाही. फोटो वाकडा आला, कडेला माझंच बोट. वर्षभर असंच चाललंय. दारातल्या चपला, कोथिंबिरीची जुडी, समोरच्या सोसायटीत वाळत घातलेली गोधडी, दिसेल ते. तुझ्यासारखं करून बघते. हाती काही लागत नाही.

तू होतीस तेव्हा मी जासईच्या यार्डात कंटेनरचे फोटो काढायचे. चारी बाजू, दार, सीलचा नंबर. नंबर वाचता आला नाही की साहेब फोटो परत पाठवायचे. ती सवय मी घरी आणली. माझा जुना मोबाइल तुला दिला, तर तू पहिल्या दिवसापासून सुटलीसच: वाळणारे बोंबील, अर्धा कावळा, हसता हसता हललेल्या शेजारच्या काकी. मी म्हणायचे, "अगं, हात तरी स्थिर धर. यात काय दिसतंय?" तू म्हणायचीस, "तुजा कंटेनर नाय हाय तो, बोंबील हायत. मना दिसतात ना, बस झाला." आणि तुझा फोटो काढायचा तर मी तुला आधी साडी बदलायला लावायचे, खिडकीशी उभी करायचे, पदर नीट करायचे. तोवर तुझं हसू गेलेलं असायचं आणि फोटो राहूनच जायचा.

एका रविवारी मोबाइल भरला म्हणून तू तो माझ्याकडे दिलास आणि मासळी आणायला खाली गेलीस. मी पंख्याखाली बसून धूसर ते सगळं पुसत गेले. तू परत येतेस, पिशवी हातात तशीच, अंगठ्यानं मोबाइल वरखाली करतेस. "आगो, सगला पुसलास?"

"हललेले होते गं. चांगले चार ठेवलेत की."

"तुजी पाठ होती त्यान. रोज कामाव जातस तवा गॅलरीतशी काढायची मी."

"माझ्या लक्षातच नाही आलं, आई."

तू मासे साफ करायला बसतेस. नंतर तू एकही फोटो काढला नाहीस. विचारलं तर म्हणायचीस, "मना नाय जमत नीट."

तू गेलीस तेव्हा हार घालायला फोटो सापडेना. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. चेहरा स्पष्ट आहे, दोन्ही कान दिसतात. पण ती तू नाहीस. तुझं हसू मला आता आठवून आठवून तयार करावं लागतं, आणि दर वेळी ते थोडं निराळं होतं.

कामाला निघताना मी अजून गेटपाशी वळून वर बघते. गॅलरीत कपडे असतात.

हा कागद कपाटात तुझ्या बंद मोबाइलखाली ठेवीन. लक्षात आलं नाही म्हणाले ते खोटं होतं, आई. पहिल्याच फोटोत मी ओळखलं होतं. ओढणी माझी, डब्याची पिशवी माझी. धूसर होती, म्हणून पुसली.