चाळीस फुटांवरचा काका

४ मार्च, सोमवार
आजपासून पुलाखाली बसणं बंद. वर्षानुवर्षं मी आणि साडू एकाच खांबाशी गळ टाकून बसतो. माणसाने कधीतरी खोल पाण्यात जावं. मासे शोधायचं ‘सोनार’ मशीन आलं. सेन्सर पाण्यात सोडायचा, की स्क्रीनवर तळ दिसतो, मासे दिसतात. सुरू करताना त्याने इंग्रजीत काहीतरी विचारलं. न वाचता पहिलं बटण दाबलं. आपण विश्वास टाकला की यंत्रही साथ देतं.

लेकीला फोनवर सांगितलं, रविवारी बापाने पकडलेला मासा खाशील, विकतचा नाही. वर्षभराने येतेय पोर. बाबा, नक्की ना, म्हणाली. वचन दिलं.

५ मार्च, पहाटे
हात जोडून होडी सोडली. तलावाच्या मध्यावर सेन्सर सोडला आणि अंगावर काटा आला. खोली चाळीस फूट. एक मोठा मासा, मागोमाग दोन लहान! स्पॉट मार्क केला. गळाला काही लागलं नाही. पहिल्याच दिवशी हाव बरी नव्हे.

साडू पुलाखालून ओरडला, साडूबुवा, टीव्हीवर काय लागलंय? मी गळ पुन्हा टाकला. राग गिळणं हीसुद्धा साधनाच.

७ मार्च
नवे तीन स्पॉट. सगळीकडे चाळीस फूट. तलावाचा तळ इतका सपाट आहे हे आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? आणि सगळीकडे तोच मोठा मासा, मागे तीच दोन पिल्लं. म्हणजे ती होडीमागे येतात! मन शांत असलं की मुक्या जिवांनाही ओढ लागते. मोठ्याला मनातल्या मनात काका म्हणू लागलोय.

चूक झाली. आता त्याला मारायला हात धजेल का? मन घट्ट करायचं.

८ मार्च
काठाजवळ होडी चिखलात रुतली. गुडघाभर पाण्यात उतरून ढकलली. मशीन चाळीस फूटच दाखवत होतं. चिखलाच्या आतलंही मोजत असावं. काय प्रगती आहे!

बायको म्हणाली, अहो, रविवारसाठी बाजारातून मासा आणून ठेवू का? मी म्हणालो, विश्वास नावाची काही चीज असते. ती म्हणाली, असते हो, पण ती तळता येत नाही.

९ मार्च
कणीक झाली, गांडूळ झालं. काका ढुंकून बघत नाही. संयमी जीव आहे.

संध्याकाळी साडू दारात. म्हणाला, तुमची जागा मी कुणाला बसू दिलेली नाही. उद्या पहाटे या, पोरीसाठी तरी. मी नम्रपणे नकार दिला. बिचारा अजून खांबालाच चिकटून आहे.

१० मार्च, रविवार, दुपार
उन्हं डोक्यावर येईपर्यंत बसलो. देवाला आठवण करून दिली, की वचन मी दिलं असलं तरी ते पोरीला दिलंय. काका आला. काका गेला. रिकाम्या हाताने परत.

रविवार, संध्याकाळ
लेक आली. पाठोपाठ साडू, ओल्या पिशवीत दोन मासे घेऊन. पुलाखालचे. पिशवी बायकोच्या हातात दिली. लेकीने दोनदा वाढून घेतलं. कुणी पकडले, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

जेवणानंतर तिने टेबलावर मशीन सुरू केलं. सेन्सर परसात दोरीवर वाळत होता. ती म्हणाली, बाबा, आपल्या टेबलाखाली चाळीस फूट पाणी आहे? तेवढ्यात मोठा मासा आला. माझ्या तोंडून एकदम ‘काका’ निघून गेलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मागोमाग दोन लहान गेले.

कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘डेमो’ लिहिलेलं. गिऱ्हाइकांना दुकानात दाखवायचं चित्र, म्हणे. साडू हसून हसून खुर्चीवरून घसरायचा राहिला. बायकोने स्क्रीनवरच्या काकांना जेवायचा आग्रह केला.

लेक हसली नाही. म्हणाली, बाबा, उद्या जाण्याआधी मला पुलाखाली न्याल? साडू डोळे पुसत म्हणाला, या की, सरकून बसू.

ठरलं. पहाटे पुलाखाली. मशीन घरीच ठेवतो. मासे या टेबलाखालीच जास्त आहेत.