एक वजा एक

बोईसर, डिसेंबर १९६६

तीर्थरूप अण्णांना वत्सलेचा नमस्कार.

आम्ही दोघं मजेत आहोत. ह्यांचं तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर चांगलं बस्तान बसलंय, आणि मला इथल्या शाळेत अकरावीचं गणित मिळालं. आईचे गुडघे आता कसे आहेत?

एका गणितानं मात्र माझी झोप उडवली आहे. एक वजा एक अधिक एक वजा एक, असं कधीच न संपणारं. मी तुम्हीच शिकवलेलं भूमिती श्रेढीचं सूत्र लावून उत्तर काढलं, अर्धा. तेवढ्यात डोंगरपाड्यावरची तानी उभी राहिली. "बाई, आमी जोड्या लावल्या तर शून्य येतं. पयला एक बाजूला ठेवून जोड्या लावल्या तर एक येतो. मग अर्धा कुठून आला?"

वर्ग तिला हसला, पण मला तिची चूक सापडेना. तिला फळ्यावर एकेक पद मिळवत जायला सांगितलं. एक, शून्य, पुन्हा एक, पुन्हा शून्य. "बाई, ही बेरीज कुठं थांबतच नाय," ती म्हणाली.

मग बेरीज नाहीच म्हणायची का? सूत्र तर अर्धा देतं! शेवटी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मला माहीत नाही. वडिलांना विचारते."

हे म्हणतात, असं कबूल केलं की वर्ग हातातून जातो. तानीचा बाप तिला वीटभट्टीवर न्यायचं म्हणतोय, पण ती उत्तर आल्याशिवाय हलणार नाही म्हणते.

अण्णा, लवकर लिहा. मी चुकले असेन तर कार्ड नको, पाकीट पाठवा. माझं टपाल शाळेतच येतं, आणि कार्डं आधी हेडमास्तर वाचतात.

तुमची गोंधळलेली,
वत्सला