वीजदराची हरकत आणि हिचा गुडघा

ती. दादांस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा खोकला बसला असेल, वहिनी ठीक असतील, असं धरून चालतो, कारण या आठवड्यात आणखी एक वाईट बातमी मला झेपणार नाही. तुमच्या बहिणीची तब्येत उत्तम आहे, गुडघा सोडून. आणि विषय त्या गुडघ्याचाच आहे.

ऑपरेशनसाठी हिने बाजूला ठेवलेले पैसे मी मार्चमध्ये, हिला न विचारता (घरचे व्यवहार मी बघतो, अशी माझी समजूत आहे), हिच्याच नावाच्या खात्यातून वीज कंपनीच्या शेअरमध्ये घातले. दलाल म्हणाला, विजेत धोका नाही, कंपनीने नफा किती घ्यायचा ते सरकारी आयोगच ठरवून देतो. जो ठरवून देतो तो हात आखडताही घेऊ शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याहून कहर म्हणजे, याच कंपनीच्या दरवाढीला जानेवारीत, कॉलनीचा सेक्रेटरी म्हणून, अकरा पानी हरकत मीच दिली होती, दोनशे सह्या गोळा करून. (माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. हरकत लिहिली की मला भूक चांगली लागते, आणि जेवलो की मी ती विसरतो.)

परवा सोमवारी सुनावणी झाली. दरवाढ मिळाली तर शेअर चढणार आणि गुडघा होणार, नाकारली तर दोन्ही बसणार. म्हणून मी पक्कं ठरवलं होतं, मुळमुळीत बोलायचं, चार पानं गाळायची, मधूनमधून खोकायचं. हॉलच्या दाराशी शेअरवाले कानाला फोन लावून उभे होते. आयोगाच्या अध्यक्षबाईंनी नुसता चष्मा काढला तरी भाव दोन रुपयांनी हलत होता. माझं नाव पुकारलं, मी उठलो, तर शेवटच्या रांगेत तुमची बहीण. लिफ्ट बंद होती. तीन जिने चढून आलेली, गुडघा दाबत बसलेली, आणि शेजारणीला बोटाने मला दाखवत होती.

मग काय करणार, दादा? अकराही पानं वाचली. कंपनीच्या गेस्ट हाउसचे चौदा एसी आपल्या बिलात कसे आले, ते तर न बघता सांगितलं. टाळ्या पडल्या. संध्याकाळपर्यंत शेअरचा पाचवा हिस्सा गेला होता. निकाल पुढच्या शुक्रवारी आहे, आणि ही रोज इतक्या शांतपणे वाढते की माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

आपला,
मेहुणा

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की निकालाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, या आणि हिला तुम्ही सांगा. थोरल्या भावाचं ती निदान पूर्ण ऐकून घेते.

ता. क. २. पत्र टाकायचा धीर झाला नाही आणि शुक्रवार उजाडला. दरवाढ नामंजूर, शेअर निम्म्यावर. पत्र हिने ड्रॉवरमधून काढून वाचलं. शेअर घेतल्याचा मेसेज मार्चमध्येच हिच्या फोनवर आला होता. सुनावणीला आली ती मी कुणाच्या बाजूने बोलतो ते बघायला. न विचारता पैसे घेतले म्हणून अर्धा तास मला झाडलं. आता सरकारी दवाखान्यात नाव घातलंय, नंबर आठ महिन्यांनी लागेल. तोवर जिना चढताना माझा खांदा धरणार आहे. म्हणाली, त्या दिवशी तुम्ही खोकला असतात, तर तोही धरला नसता.