दृष्ट काढताना तुमचं नाव घेतलं त्याबद्दल

मुरबाड तालुका,
गुरुवार, दुपार (वीज गेली आहे, गिरणी बंद, म्हणून सवड)

तीर्थस्वरूप चंद्रकलाताई यांना रघूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? दाजींनी तंबाखू सोडल्याचं ऐकलं, ते खरं असेल तर देव पावला. इकडे पोरं बरी आहेत, मीही बरा आहे. तुम्ही माझा फोन उचलत नाही (आणि ते बरोबरच आहे), म्हणून हे पत्र काळूराम दूधवाल्याच्या टेम्पोतून पाठवतो आहे. पाकीट शितांनी दोनदा चिकटवलं आहे, कारण काळूराम किन्हवलीला चहाला थांबला की हातात असेल ते वाचतो. तरीही उघडलेलं मिळालं तर त्यातलं त्याच्याबद्दलचंही त्याने वाचलं असं समजा.

आता मुद्द्याचं. गेल्या रविवारी तुम्ही नाचणीचे लाडू घेऊन आलात, पोरांना न्हाऊमाखू घातलंत आणि चारच्या एसटीने परत सापगावला गेलात. तुमची पाठ वळली आणि ओमकारने रडायला सूर लावला. कुणालीचंही तोंड एवढंसं झालेलं. दिवेलागणीला ती म्हणाली, आई असती तर दृष्ट काढली असती. ताई, दर्शनाला दृष्ट काढताना मी दर शनिवारी बघत आलो होतो, पण बघत म्हणजे जेवणाची वाट बघत. मीठ, मोहरी, मिरच्या एवढं ठाऊक होतं. मूठ भरली, पोरांना पाटावर बसवलं, 'आल्याची गेल्याची' म्हणालो आणि पुढे गाडी अडली. दर्शना काहीतरी लांबलचक पुटपुटायची. कुणाली माझ्याकडे टक लावून बघत होती. आता गिरणीवाल्याची सवय अशी, की पोत्यावर नाव घातल्याशिवाय पोतं आत घ्यायचं नाही, नाहीतर संध्याकाळी भांडणं. मला वाटलं, ज्याची दृष्ट त्याचं नाव घेतलं की काम चोख होईल. म्हणून त्या दिवशी घरी कोणकोण येऊन गेलं ते आठवून मी मोठ्याने नावं घेतली. शेजारच्या जनाकाकीची, अंगणवाडीच्या शालनताईची, काळूरामची, आणि शेवटी तुमची. (तुमचं तर माहेर आणि सासर दोन्हीकडच्या आडनावांसकट. घोटाळा नको म्हणून.)

जनाकाकी ओट्यावर तांदूळ निवडत होती. सूप घेऊनच आत आली. "रघ्या, माझी नजर तुझ्या पोरांना खाते काय रे?" एवढंच तिने नीट विचारलं, पुढचं लिहिण्यासारखं नाही. दृष्ट काढताना कुणाचं नाव घ्यायचं नसतं, हे या वयात मला तिच्याकडून कळलं. मी गडबडून मूठ चुलीत टाकली. मिरच्या जरा जास्तच झाल्या होत्या. पार आळीच्या टोकापर्यंत लोक ठसकले. आता तुम्हीच सांगा, ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हती असंच ना? म्हणजे तुम्ही सगळे सुटलात. हे मी तेव्हाच सांगत होतो, पण खोकल्यात कुणाला ऐकू गेलं नाही. तेव्हापासून जनाकाकीचं ताक बंद आहे.

तुमच्यापर्यंत ही बातमी दुसऱ्या दिवशीच्या दुधाबरोबर पोचली. काळूरामने तुमचा उलट निरोप आणला, तोही तुमच्या आवाजात, गिरणीतल्या बारा गिऱ्हाइकांसमोर: "रघूच्यानं पोरं सांभाळणं होणार नाय. माझ्या भैनीची पोरं मी येत्या रविवारी गाडी करून नेते." मला राग आला. संध्याकाळपर्यंत टिकला, मग भात लावायचा होता म्हणून गेला. आणि विचार केला तर तुमचं काय चुकलं? मी कुणालीला सुट्टीच्या दिवशी शाळेत सोडून आलो आहे. ओमकारच्या केसांत कायम कोंडा असतो, कारण तो दिवसभर गिरणीत पोत्यांवर लोळतो. तुमच्याजवळ शहापूरला शाळा चांगली, तुमचं घर मोठं, तुमची पोरं कामाला लागलेली. दर्शनाला जाऊन श्रावणात वर्ष होईल. इतके दिवस तुम्ही शब्दाने बोलला नाहीत हाच तुमचा मोठेपणा. तेव्हा या रविवारी, पोरांना न्या. माझी हरकत नाही.

फक्त काही गोष्टी तुम्हाला ठाऊक असलेल्या बऱ्या. गिरणी बंद करताना ओमकारला काट्यावर उभं करून वजन करावं लागतं. कालच्यापेक्षा जास्त भरलं पाहिजे, नाही भरलं तर तो तांब्याभर पाणी पिऊन परत चढतो. मी काट्याला हळूच बोट लावतो, ते त्याला अजून कळलेलं नाही. आणि दहाव्याला पिंडाला कावळा शिवला तेव्हा हा माझ्या कडेवर होता. कुणीतरी बाई बोलली, आली गो दर्शना. ते त्याच्या डोक्यात बसलं. रोज सकाळी अर्धी भाकरी तो परसात कावळ्याला नेऊन घालतो आणि आज काय काय झालं ते सांगतो. एक लंगडा कावळा त्यावर चांगला माजला आहे. मी त्याला हाकलत नाही. तुमच्याकडे मागच्या दारी कावळे येतात का, ते कळवा.

कुणालीचं सोपं आहे. डावी वेणी ती स्वतः घालते, आईने शिकवली तशी, घट्ट. उजवी माझ्याकडे असते. ती दुपारपर्यंत सुटते. शाळेतून आली की गिरणीच्या दारात पाठ करून बसते आणि मी हात पुसून पुन्हा घालतो. गिऱ्हाईक थांबलेलं असतं, पण थांबतं बिचारं. परवा तिच्या मैत्रिणीने चहाडी केली की उजवी वेणी सुटत नाही, ही येताना वाटेत सोडते. मी कुणालीला काही बोललो नाही. तुम्हीही बोलू नका.

ताई, दिवसातला तो वेणीचा वेळ मला फार प्यारा झाला आहे. दर्शना गेल्यावर मला वाटलं होतं, आता नुसती पोरं मोठी करायची, दुसरं काही उरलं नाही. पण सकाळी त्या कावळ्याला सांगितलेल्या गोष्टी मी दाराआड उभा राहून ऐकतो, आणि कधीकधी हसूही येतं. असो. कपडे धुऊन ठेवतो. दाजींना नमस्कार, कंबरेला जपा.

तुमचा,
रघू

ता. क. लाडवांचा डबा सोबत पाठवतो आहे. रिकामा कसा पाठवू म्हणून घरचे तांदूळ घातले आहेत. कमी भरले तर काळूरामला विचारा.

ता. क. काल पोरांना मावशीकडे जायचं सांगितलं. ओमकारने काटा नेता येईल का विचारलं. दिवेलागणीला कुणालीने मुठीत मीठ घेतलं, मला पाटावर बसवलं आणि माझ्याभोवती हात फिरवत म्हणाली, "आल्यागेल्याची, सगळ्यांची जाऊ दे. आईची नको जाऊ दे. ती बघू दे आमच्याकडं." मग मीठ चुलीत टाकलं. मिरच्या नव्हत्या, तरी माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

ता. क. काळूराम हॉर्न वाजवतो आहे, नवं पत्र लिहायला वेळ नाही. पोरांना न्या असं वर लिहिलं आहे, तेवढं वाचू नका. रविवारी गाडी करू नका, एसटीने या आणि येताना चार लुगडी जास्त आणा, पाहिजे तितकं राहा. मला वाटेल ते बोला, गिऱ्हाइकांसमोर बोला. पण पोरं नेऊ नका, ताई. मला भात तिघांचाच लावता येतो. एकट्यासाठी किती तांदूळ घ्यायचे, ते मला ठाऊक नाही.