भिंगाखालच्या रेघा

प्रिय दादा,

तुला लिहायचं मी कधीपासून टाळतेय. कागद घेतला की पेन्सिलीला टोक काढते, टोक निघालं की खिडकीतल्या मांजराचं चित्र काढत बसते, आणि मग चहाची वेळ होते. आज मांजर आलेलं नाही. तुझं पाकीट पुढे काउंटरवर तयार ठेवलंय आणि कुरियरवाल्याला यायला वेळ आहे. तेव्हा आज तुझी सुटका नाही. कुठलं पाकीट, ते सांगते, पण माझ्या पद्धतीनं, म्हणजे वळणं घेत.

हिचं बूड एका जागी टिकत नाही, असं तू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचास. खरंच आहे. कॉलेज सोडलं, बेकरी सोडली, मग सर्कशीचा तंबू ठोकणाऱ्यांबरोबर एक उन्हाळा हिंडले (दोराच्या गाठींवर तुला वेगळं पत्र लिहीन, त्यात फार गंमत आहे). इथे मात्र टिकलेय. ही फोटोंची जुनी लॅब आहे. मालकांना सगळे भिंगकाका म्हणतात, कारण त्यांच्या गळ्यात दोरीनं भिंग अडकवलेलं असतं. एकदा ते चहात बुडालं, तर काकांनी आधी भिंग पुसलं, मग तोच चहा प्यायले. मी कुणाची कोण, हे त्यांनी कधी विचारलं नाही. तूही विचारलं नाहीस म्हणा, मी कुठे आहे ते.

मागच्या खोलीत एक यंत्र आहे, त्याला आम्ही डबा म्हणतो. आत हातभर अंधार, एका टोकाला छोटा पडदा, दुसऱ्या टोकाला कॅमेरा. कॉम्प्युटरमधला फोटो त्या पडद्यावर एकेक रेघ करत उमटतो आणि कॅमेऱ्यातली खरीखुरी फिल्म तो टिपत जाते. आधी लाल काचेतून, मग हिरव्या, मग निळ्या. काच बदलली की खट् वाजतं. सगळं जग फिल्मवरून कॉम्प्युटरवर गेलं, आम्ही उलट्या दिशेनं येतो. यात माउस नाही, चित्रंबित्रं नाहीत. काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप करायची: फोटोचं नाव, फिल्म कुठली ते, आणि शेवटी एक छोटासा शब्द, ज्यानं त्या रेघा एकमेकींत मिसळून जातात. तो शब्द राहिला तरी डबा कुरकुरत नाही. नुसत्या डोळ्यांना फिल्मही चांगलीच दिसते. मी नवीन असताना तो विसरले होते. एका डॉक्टरीणबाईंचा डोंगराचा फोटो होता. काकांनी भिंग माझ्या डोळ्याला लावलं आणि म्हणाले, बघ पोरी, हा डोंगर नाही, हा टीव्हीवरचा डोंगर आहे. खरंच, सगळ्या डोंगरावरून आडव्या बारीक रेघा गेलेल्या, विंचरल्यासारख्या. काकांनी स्वतः पुन्हा सगळं काढून दिलं. तेव्हापासून तो शब्द माझ्या हाताला आहे, विसरायचा म्हटलं तरी विसरता येत नाही.

मागच्या आठवड्यात काकांकडे मेलवर एक काम आलं. कॉम्प्युटरमधल्या फोटोंच्या निगेटिव्ह करून हव्यात, घरगुती आठवण म्हणून. मी पहिला फोटो उघडला, तर समोर बाबा दाढी करत होते.

कानाच्या पाळीला लागलेला फेस, थरथरणारा हात दुसऱ्या हातानं धरलेला. तो फोटो वरून घेता यावा म्हणून मी खुर्चीवर चढले होते. बाबा म्हणाले, पडलीस तर आईला दोघांना उचलावं लागेल. आई दारात उशीचा अभ्रा बदलत होती, ती इतकी हसली की अभ्रा उलटा घातला गेला. तुला यातलं काही माहीत असायचं कारण नाही. तुझ्या मीटिंगा होत्या. तू आलास बाबा गेल्यावर, सगळं आटोपल्यावर, आणि जाताना माझ्या कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन गेलास. कॉप्या काढतो आणि देतो परत, म्हणालास. कार्ड आलं नाही. पेपरात तुझी मुलाखत आली, फोटोंच्या स्पर्धेत तुझे फोटो निवडले गेले म्हणून.

ती मी बसमध्ये वाचली. कुणीतरी त्या पेपरात केळ्याची साल गुंडाळून सीटवर ठेवली होती, ती नेमकी तुझ्या कपाळावर आली होती. तेवढंच समाधान. वडिलांच्या उशाशी रात्ररात्र जागून हे फोटो मी काढले, असं तू म्हटलं होतंस. अशा वेळी डिजिटल कॅमेरा हातात धरवत नाही, फिल्मच लागते, असंही. किती छान बोलतोस रे तू. मग स्पर्धेच्या परीक्षकांनी अंतिम फेरीसाठी मूळ निगेटिव्ह मागितल्या आणि तुझी तंतरली.

काकांनी विचारलं, हे तू करशील का? मी म्हटलं, आनंदानं. एकेका फोटोची ओळ टाइप केली आणि एकाही ओळीत तो शेवटचा शब्द घातला नाही. डबा खट् खट् करत राहिला, बाबा आधी लाल झाले, मग हिरवे, मग निळे, आणि मी शेजारी बसून होते. इतकं मन लावून मी शाळेतसुद्धा कधी बसले नव्हते. फिल्म धुऊन वाळल्यावर काकांनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हे माझे वडील आहेत आणि फोटो मी काढलेत. काकांनी भिंग शर्टाच्या आत टाकलं आणि चहा ठेवायला गेले.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. पाकीट तू म्हटल्याप्रमाणे कुरियरनं थेट परीक्षकांकडे जाणार. पत्र मी साध्या टपालानं टाकणार, म्हणजे ते रमतगमत येईल. तुझ्या हाती पडेल तोवर कुणीतरी तुझ्या निगेटिव्हवर भिंग ठेवलेलं असेल आणि त्याला बाबा नाही, पडद्यावरचे बाबा दिसलेले असतील. लॅबला दोष देशील, मशीन जुनं होतं म्हणशील, म्हणून लिहून ठेवतेय. मशीन उत्तम आहे. त्या रेघा मी ठेवल्यात, आणि अजिबात वाईट वाटत नाहीये.

थांब, पुढे कुणीतरी आलंय. कुरियरवाला नाही, बाईमाणूस आहे. तू मोबाइलवर पाठवलेली पावती दाखवतेय. मुलाचा कुरियरवर भरवसा नाही, म्हणतेय, म्हणून स्वतःच न्यायला आलीय, आणि यांच्या आठवणी सांगायला परीक्षकांनी तिलाही बोलावलंय.

दादा, आई आलीय. मी मागच्या खोलीच्या दाराला लावलेल्या पडद्यामागे आहे, तिला माहीत नाही. तिनं निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरलीय. निगेटिव्हमध्ये पांढरं ते काळं दिसतं ना. काकांना म्हणतेय, यांचे केस बघा, परत काळे झाले. काकांनी विचारलं, फोटो कुणी काढले? तर लगेच म्हणाली, आमच्या धाकटीनं, आणखी कुणी? खुर्चीवर चढून. मी दारातच होते, अभ्रा उलटा घातला होता मी.

तू तिला काय पढवून पाठवणार आहेस ते पढव. परीक्षकांना भिंगाची गरजच पडणार नाही. मी आता पडदा सरकवते.

तुझीच,
धाकटी