वन्स मोअर कुणी दिला?

सोमवार, ६ जानेवारी

जमलं! येत्या रविवारी गिरगाव! संघमित्राताईंचं संगीत नाटक, दुपारचा प्रयोग, पुढून चौथी रांग! लतिकाबाईंनी आत्ताच मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. आम्ही अकरा बायका आणि एक मिनीबस. शिवाजी पार्कहून निघणार, वरळीला सुभद्राला घेणार, मग लालबागच्या नाक्यावर मला. आधी खानावळीत जेवण, मग नाटक, मग चौपाटी.

नात म्हणते, "आजी, लालबाग ते गिरगाव बसने जाता येतं गं. त्याला सहल काय म्हणता?" मेघना हुशार आहे, पण तिला असल्यातलं कळत नाही. नुसतं पोचायचंच असतं तर मी जांभळी साडी कशाला काढली असती?

ताई किती दिवसांनी रंगमंचावर उभ्या राहणार! मध्ये घशाचं दुखणं काढलं त्यांनी. आम्हाला वाटलं संपलं सगळं. आमचे हे होते तेव्हा मिलची पाळी सुटली की थेट मला घेऊन नाटकाला. डोक्यात कापसाचे तंतू तसेच! ताई तेव्हा अगदी कोवळ्या होत्या. आता त्या पण म्हाताऱ्या, मी तर आहेच. हे गेले. पण ताई गायला लागल्या की हे शेजारच्या खुर्चीत असतात, हे मी कोणाला सांगत नाही. इथे लिहायला काय हरकत आहे.

मंगळवार, ७ जानेवारी

सुभद्रा सकाळी पाटी घेऊन आली. बोंबील चांगले होते. वरळी कोळीवाड्याची ही, माझ्या दारात मासे घेऊन यायला लागली तेव्हा आम्ही दोघी तरण्या होतो. भावावरून भांडण, भांडणावरून मैत्री. मग नाटकं.

नवरा गेल्यापासून ती कुठे बाहेर पडली नव्हती. रविवारी येते म्हणाली! मी पाटीला हात लावून तीनदा विचारलं.

सुभद्राचा वन्स मोअर! तो ऐकायला हवा. संगीत नाटकाची रीतच आहे — पद आवडलं की बघणाऱ्याने वन्स मोअर द्यायचा, आणि दिला की गाणाऱ्याने परत म्हणायचं. नाही म्हणायचं नसतं. तसा देतात सगळेच, पण माना खाली घालून, घशातल्या घशात. सुभद्राचा बाजारात कमावलेला आवाज. पार वरच्या बाल्कनीतली माणसं वाकून बघतात. ताई तर तो आवाज आला की गालात हसतात आणि ही कुठे बसलीय ते शोधतात. मी जन्मात कधी दिला नाही. मला धीरच होत नाही. माझ्या वाटचा तीच देते.

गुरुवार, ९ जानेवारी

लतिकाबाईंचा मेसेज आला. दोनदा वाचला.

डॉक्टरांनी ताईंना बजावलंय, प्रत्येक पद एकदाच. गळ्याला जास्त ताण नको. "ताई कुणालाही नाही म्हणणार नाहीत. म्हणून आपणच मागायचं नाही. कृपया रविवारी कोणीही वन्स मोअर देऊ नये." खाली हात जोडलेले.

सुभद्राला वाचता येत नाही. ग्रुपवरचं तिला मीच वाचून दाखवते. आजही ती जिन्यात टेकली आणि म्हणाली, "वाच गो, काय म्हणतान त्या पार्कवाल्या?" मी वाचलं. बस किती वाजता, गजरे कोण आणणार, जेवणात शाकाहारी कोण. आणि या मेसेजपाशी आले तर तीच बोलायला लागली. "शेवंते, मी त्या एका पदासाठी येतेय बघ. घरात कोण हाय आता, कोणावर ओरडू? आवाज गंजलाय माझा. रविवारी काढते बाहेर!" आणि हसली. किती महिन्यांनी हसली!

मी तो मेसेज वाचलाच नाही. फोन पिशवीत टाकला.

सांगितलं असतं तर आली नसती. मी ओळखते तिला. बसमध्ये बसली की सांगेन. बसमधून काय उतरणार आहे थोडीच.

शनिवार, ११ जानेवारी

अजून सांगितलं नाही. साडीला इस्त्री केली.

रविवार, १२ जानेवारी

आल्या आल्या बसलेय लिहायला. साडीसुद्धा बदलली नाही. मेघनाने चहा आणून ठेवला, तो गार झाला.

नीट पहिल्यापासून लिहिते.

बसमध्ये सांगायचं होतं. पण मी चढले तर सुभद्रा आधीच बसलेली, आणि अशी नटून! हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा. नवरा गेल्यावर गजरा माळला म्हणून कोणीतरी मागे कुजबुजलं, तर ही वळून म्हणते, "तोच आणायचा गो मना. मी काय रडत माळू?" मग गाणी सुरू झाली. तेव्हा कसं सांगू?

खानावळीत सांगायचं होतं. तिथे सुभद्राने पापलेटाचा डोळा बघितला, कल्ला उचलून बघितला — तळलेल्या माशाचा कल्ला! — आणि वाढपीदादाला म्हणाली, "दादा, हा मासा माझ्यापेक्षा जुना मुंबईकर हाय." लतिकाबाई इतक्या हसल्या की ठसका लागला. त्या शाळेत शिकवायच्या, मोजून हसतात एरवी. मी पण हसत राहिले. सोलकढी दोनदा घेतली. सांगितलं नाही.

मग थेटर. दारातल्या फळ्यावरही तेच लिहिलेलं, वन्स मोअर देऊ नये; मी सुभद्राला घाईने आत नेलं. तिसरी घंटा झाली, अंधार झाला, धुपाचा वास आला, ऑर्गनचा पहिला सूर आला. माझे हे शेजारी येऊन बसले. नांदी झाली आणि पडदा सरकला.

ताई आल्या. सगळं थेटर टाळ्या वाजवत होतं, थांबेच ना. आवाज बदललाय. पूर्वी वाहत्या पाण्यासारखा होता, आता विरजलेल्या दह्यासारखा. घट्ट. पण गोडी काय कमी झालेली नाही. पहिल्या अंकात दोन पदं झाली, कोणीही मागितलं नाही. सुभद्रा मला कोपराने ढोसत होती. "मेलेत काय सगळे? कोणी देतच नाय. थांब, त्या पदाला बघ!"

मध्यंतरात शेवटी सांगितलं. वड्याची प्लेट हातात होती. एका दमात सांगून टाकलं. डॉक्टर, ताण, लतिकाबाई, सगळं.

सुभद्राने हातातला वडा खाली केला. मग म्हणाली, "गुरुवारी वाचलंस तवा होता हा मेसेज?"

"होता."

"आणि तू गाळलास."

"तू आली नसतीस गं."

"नसते आले," ती म्हणाली. "पण ते माझं मी ठरवलं असतं ना, शेवंते? सगळ्यांना माहीत, फक्त मना नाय. वाचता येत नाय म्हणून काय झालं, कान हायत मला!" वडा तसाच ठेवला. पण परत खुर्चीत येऊन बसली. म्हणाली, "काळजी नको करू. तोंडात बोळा घालून बसते."

आणि बसलीच! तिसरा अंक लागला, राणी राजवाडा सोडून माहेरच्या दाराशी येते, आत बोलावत नाहीत, आणि ती दारातच उभी राहून गाते — 'उंबऱ्यात मी उभी कधीची'. तेच ते पद. सुरू झालं तसा सुभद्राने पदर गोळा करून तोंडात कोंबला. एका हाताने माझा गुडघा आवळून धरला.

काय गायल्या! मला लिहिता येत नाही. चौथीपर्यंतच्या शाळेत असले शब्द शिकवत नाहीत. लहानपणी मालवणला सांजवेळी आई दार लावून घ्यायची तेव्हा आत यायची घाई व्हायची ना, तसं काहीतरी पोटात झालं. शेवटचा सूर वर गेला, थांबला, आणि हळूच खाली आला. सगळं थेटर गप्प.

आणि त्या गप्प थेटरात आमच्याच रांगेतून खणखणीत आला — "वन्स मोअर!"

मी चिडून सुभद्राकडे वळले. तिच्या तोंडात पदर होता. डोळे एवढे मोठे करून ती माझ्याकडे बघत होती.

तोंड माझं उघडं होतं.

मी दिला! मी! देवाशपथ, मला कळलंच नाही. माझ्यात एवढा आवाज होता हेच मला माहीत नव्हतं.

ताईंनी आमच्या रांगेकडे बघितलं. नेहमीसारखं शोधलं. सुभद्रा सापडली तिथे नजर थांबली, गालात हसल्या, तिच्याकडे बघून हात जोडले. ऑर्गनवाले मान हलवून नको नको म्हणत होते. ताईंनी त्यांना डोळ्यांनीच सूर द्यायला सांगितलं. परत गायल्या. पहिली ओळ चांगली गेली. वरच्या सुराला गेल्या आणि आवाज आलाच नाही. नुसती हवा. ऑर्गन एकटाच वाजत राहिला. ताई हात जोडून उभ्या होत्या तशाच उभ्या राहिल्या, आणि शेवटची ओळ बोलून दाखवली. गायल्या नाहीत, बोलल्या. टाळ्या आल्या, पण भीत भीत.

मागून एक गृहस्थ म्हणाले, "बाहेर लिहिलं होतं ना मागू नका म्हणून! समजत नाही का या बायकांना?" आमच्या रांगेतल्या सगळ्या बायका वाकून सुभद्राकडे बघायला लागल्या. लतिकाबाईंनी तर कपाळाला हात लावला. सुभद्राने तोंडातला पदर काढला, नीट केला, आणि खाली बघितलं.

मी काही बोलले नाही.

चौपाटीला कोणी उतरलं नाही. नाक्यावर मी उतरताना सुभद्राने माझा हात दाबला. "गप रव," एवढंच म्हणाली.

सोमवार, १३ जानेवारी

ताईंचे पुढचे प्रयोग रद्द झाले. घशाला सूज. ग्रुपवर आलं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. ग्रुपवर सकाळपासून तिळगूळ घ्या, गोड गोड बोला. त्याच्याच खाली एकीने लिहिलंय, "एका अडाणी बाईच्या हौसेपायी एवढ्या मोठ्या कलावंताचा गळा गेला." दुसरी म्हणते, पुढच्या सहलीला माणसं बघून न्यावीत. लतिकाबाईंनी लिहिलं, "सुभद्राबाईंचं मन चांगलं आहे. पण हो, यापुढे विचार करावा लागेल."

अडाणी बाई म्हणे! त्या बाईच्या तोंडात बोळा होता हो!

मेघनाने मला दाखवत विचारलं, "आजी, तू शेजारीच होतीस ना? अडवलं नाहीस तिला?" मी लाडू वळत बसले. हाताला चटके बसत होते ते बरंच वाटत होतं.

गुरुवार, १६ जानेवारी

बाजारात जाऊन गाठली. बांगडे नीट करत होती. मी म्हटलं, मी ग्रुपवर सांगते, की ती मी होते.

"कशाला?"

"अगं, तुला नावं ठेवतायत सगळ्या. पुढल्या खेपेला नेणार नाहीत तुला."

"नाय नेलं तर नाय. राहू दे ते माझ्याकडं." कोयत्यावरून बोट फिरवलं आणि वर बघून म्हणाली, "ताईंनी हात कोणाला जोडले, बघितलंस ना?"

किती मोठं मन या बाईचं! माझ्या पापाचं ओझं घेऊन वर मलाच बांगडे दिले. घरी आले, बांगड्याचं तिखलं केलं, घास उतरेना. मेसेज लपवला तो मी, ओरडले ती मी, आणि अडाणी ती.

हे असते तर काय म्हणाले असते? मिलच्या संपात एकाने दुसऱ्याचं नाव घेतलं होतं साहेबासमोर, त्याच्याकडे यांनी पुन्हा कधी पाणी प्यायलं नाही. ते आठवतंय सारखं.

शनिवार, १८ जानेवारी

सांगितलं. टाइप करता येत नाही एवढं, म्हणून बोलून पाठवलं. मेघना शेजारी बसली होती, तिने बटण दाबून धरलं. मी म्हटलं, "मी शेवंती, लालबागहून. रविवारी वन्स मोअर मी दिला. सुभद्राच्या तोंडात पदर होता, तिने हूं का चूं केलं नाही. आणि तिला मेसेज मी वाचून दाखवला नव्हता. बोलायचं ते मला बोला." मेघनाने बटण सोडलं आणि मला मिठी मारली. "भारी आहेस तू आजी!"

दोन निळ्या खुणा आल्या. कोणी काही लिहिलं नाही. जेवले मात्र पोटभर.

रविवार, १९ जानेवारी

अगं बाई! काय लिहू आणि काय नको! लतिकाबाईंनी माझं बोलणं थेट ताईंना ऐकवलं. आणि ताईंनी मंडळासाठी लिहून पाठवलं! मेघनाने मोठ्यांदा वाचलं, मी परत वाचायला लावलं.

ताई म्हणतात, बोलता येईल, पण रंगमंचावर गाणं आता नाही. ते आधीच ठरलं होतं. गिरगावचा खेळ शेवटचाच होता, फक्त कोणाला सांगितलं नव्हतं. "कोणी न मागता गाऊन उतरले असते तर रिकामी उतरले असते. जन्मभर समोरून हाक आली म्हणून गायले. शेवटची हाक देणाऱ्या लालबागच्या शेवंतीबाईंना माझा नमस्कार सांगा."

माझं नाव! ताईंच्या हाताने लिहिलेलं!

कालपासून गप्प असलेल्या सगळ्या बायकांची फुलं आली, हार आले, टाळ्या आल्या. लतिकाबाईंचा फोन — पुढच्या महिन्यात मंडळाचा मेळावा, त्यात तुमचा सत्कार करू, दोन शब्द बोला. मी आणि दोन शब्द! मेघना म्हणते जांभळीच साडी नेस. खाली वाण्याला सुद्धा सांगून आले.

उद्या सुभद्रा येईल तेव्हा तिला सगळं वाचून दाखवते. एक अक्षर गाळणार नाही!

सोमवार, २० जानेवारी

सुभद्रा आली. पाटी उतरवली नाही, दारातच उभी. कळलं होतं तिला बाजारात.

मी फोन काढला. म्हणाली, नको वाचू.

"तुला म्हटलं होतं, राहू दे ते माझ्याकडं. ताईंनी हात मना जोडले होते." मग जिना उतरायला लागली. खालच्या पायरीवरून, मला ऐकायला कान द्यावा लागला इतक्या हळू म्हणाली, "उभा जन्म ओरडले मी, शेवंते. तू एकदा."